दुसरा शनिवार, दुपारी तीन

१५ मे २०१६, रविवार. जपानमध्ये पहाटेचे ५. अजून सव्वादोन वर्षं

ऑगस्ट २०१८मधल्या पुण्यातल्या बँकदरोड्याची गोष्ट टोकियोतल्या दुकानांपासून सुरू करावी लागते. चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं, शीतपेयांच्या कपाटाशेजारी एटीएम. त्या पहाटे टोकियो आणि आणखी सोळा प्रांतांत मिळून शंभरावर माणसं अशा सुमारे चौदाशे एटीएमपुढे जाऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या खिशात बनावट कार्डं. एका वेळी एक लाख येन काढायचे, बाहेर पडायचं, पुढचं दुकान गाठायचं. आठ वाजायच्या आत १४४ कोटी येन बाहेर पडले होते. तपास पुढे सरकला तसा आकडा १८० कोटींच्याही वर गेला.

यातला एकही येन जपानी खातेदाराचा नव्हता. कार्डांवरची माहिती दक्षिण आफ्रिकेतल्या स्टँडर्ड बँकेची होती. टोकियोत रविवारची पहाट होती तेव्हा जोहान्सबर्गमध्ये शनिवारचे रात्रीचे दहा वाजले होते. बँकेनं पुढे सांगितलं की नुकसान अंदाजे ३० कोटी रँडचं आहे आणि ग्राहकांचं काही गेलेलं नाही.

परदेशातली यंत्रं, सुट्टीची वेळ, भाड्यानं आणलेले शेकडो हात आणि खातेदाराच्या पैशाला न लागणारा धक्का. ही रीत आफ्रिकेतल्या एका बड्या बँकेवर उघड उघड वापरून झाली होती. आपल्याकडे ती बातमी ‘जगभरातून’ सदरात चार ओळींत आली असेल, नसेल.

२०१७. अजून वर्षभर

या वर्षी तीसहून अधिक देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी एका बँकेचे पैसे काढले गेले. कोणत्या बँकेचे, ते सांगितलं गेलं नाही. आफ्रिका आणि आशिया खंडांतल्या बँकांवर अशी मोहीम २०१६ पासून चालू आहे, एवढंच अमेरिकी सरकारनं पुढे जाहीर केलं. तेही कधी केलं ते पुढे येईलच.

बँका अशा गोष्टी लपवतात, त्यात नवल नाही. बुडाल्याची कुजबुज बाहेर पडली तर दुसऱ्या दिवशी ठेवीदारांची रांग लागते. लागोस असो की लातूर, व्यवस्थापकाला पहिली भीती चोराची नसते, रांगेची असते. म्हणूनच ही माहिती बँकांनी आपखुशीनं एकमेकींना सांगावी ही अपेक्षा फोल आहे. तिच्यासाठी सरकारांमध्ये करार लागतो, आणि फोन उचलणारा ठरलेला माणूस लागतो.

आफ्रिकी संघानं हे ओळखलं होतं. २७ जून २०१४ रोजी विषुववृत्तीय गिनीच्या मलाबो शहरात त्यांनी सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा करार संमत केला. प्रत्येक देशानं कायदा करावा, तातडीच्या प्रतिसादासाठी पथक उभारावं, एकमेकांना मदत करावी. मसुदा चांगलाच होता. पण अंमलात यायला पंधरा देशांची मंजुरी हवी होती, आणि २०१८च्या पावसाळ्यात मंजुऱ्या पंधराच्या आसपासही नव्हत्या. नेते सही करतात, संसदेत विषय पडून राहतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. करार अंमलात आला तो ८ जून २०२३ला. नऊ वर्षं.

युरोपीय मंडळाच्या पुढाकारानं झालेला सायबर गुन्ह्यांविषयीचा बुडापेस्ट करार २००१चा. त्यात चोवीस तास उत्तर देणाऱ्या संपर्क केंद्रांचं जाळं आहे. भारत त्या करारात नाही. आम्हाला न विचारता लिहिलेला करार आम्ही का मानावा, हा दिल्लीचा मुद्दा, आणि तो चूक म्हणता येत नाही. मात्र त्याची किंमत असते, आणि ती दिल्ली मोजत नाही. ती एखाद्या सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय मोजतं.

१० ऑगस्ट २०१८, शुक्रवार. अजून एक दिवस

अमेरिकेच्या एफबीआयनं त्यांच्याकडच्या बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकदम रोकड काढण्याचा बेत शिजतो आहे; कार्ड देणाऱ्या कोणत्यातरी बँकेत चोर आधीच शिरलेले असावेत; बँक कोणती, ते ठाऊक नाही. अशा वेळी लहान आणि मध्यम वित्तसंस्था सापडतात, कारण त्यांच्याकडे सुरक्षेला पैसा कमी असतो आणि बाहेरच्या ठेकेदारांवर भिस्त जास्त, असंही त्यात होतं.

पुण्याचं नाव त्यात नव्हतं, पण वर्णन वाचलं तर पत्ता लिहिल्यासारखाच होता.

इशारा वॉशिंग्टनहून निघून अमेरिकी बँकांच्या सुरक्षा विभागांत पोचला. जगाला तो कळला रविवारी, १२ तारखेला, ब्रायन क्रेब्स या पत्रकारानं छापल्यावर.

११ ऑगस्ट, शनिवार सकाळ

आषाढ अमावास्या. पुण्या-मुंबईकडे गटारी, देवघरात दीपपूजन. आमच्या पूर्व विदर्भात जिवती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला या दिवशी दाराच्या चौकटीवर जिवतीचा कागद लागतो, पुरणाचा स्वयंपाक होतो, आणि धानाची रोवणी अजून उरली असेल तर बाया सकाळीच बांध्यांत उतरलेल्या असतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण.

शिवाय महिन्याचा दुसरा शनिवार. देशभरच्या बँका बंद. उद्या रविवार, बुधवारी पंधरा ऑगस्ट. सुट्ट्यांचं कॅलेंडर चोर बँकवाल्यांपेक्षा बारकाईनं वाचतात. बांगलादेश बँकेवर २०१६च्या फेब्रुवारीत दरोडा पडला तो गुरुवारी रात्री, कारण शुक्रवार-शनिवार ढाका बंद, रविवारी न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. ९५ कोटी डॉलरची मागणी घातली होती, ८ कोटी १० लाख डॉलर हाती लागले.

पुण्यातली कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. देशातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. गणेशखिंड रस्त्यावर टोलेजंग मुख्यालय. अशा दीड हजारांवर नागरी सहकारी बँका तेव्हा देशात होत्या, आणि बहुतेकींच्या मानानं कॉसमॉस म्हणजे हत्ती. यांच्या घरात शिरता येतं तर बाकीच्यांचं काय, असं वाटावं अशी बँक.

सकाळी तिच्या संगणकांत सगळं ठीक दिसत होतं. प्रत्यक्षात चोर आत येऊन बसले होते.

दुपार. तीन वाजायच्या आत

इथे थोडं थांबून एटीएमच्या पोटात काय होतं ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

तुम्ही कार्ड घालता, आकडा दाबता. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते एक संदेश पाठवतं: अमुक कार्ड, अमुक रक्कम, देऊ का? हा संदेश व्हिसाच्या किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या स्विचपाशी येतो. स्विच बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीला विचारतो की खात्यात एवढे आहेत का. तिथून उत्तर येतं आणि आल्या वाटेनं यंत्राकडे परत जातं. हे उत्तर म्हणजे दोन आकडे. ‘००’ आला तर नोटा द्या. ‘५१’ आला तर शिल्लक अपुरी.

आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही हे चटकन कळेल. सागवानाची गाडी तपासणी नाक्यावर आली की नाकेदार वाहतूक परवाना बघतो, शंका आली तर रेंज ऑफिसला फोन लावतो, तिथून हो आलं की फाटक उघडतो. चोरांनी रेंज ऑफिस फोडलं नाही, नाकेदारालाही लाच दिली नाही. त्यांनी रस्त्यावर अलीकडेच दुसरा नाका उभा केला. गाड्या तिथेच थांबू लागल्या आणि तिथला माणूस प्रत्येक गाडीला हो म्हणू लागला. खऱ्या नाक्यावर दिवसभर शांतता.

कॉसमॉसमध्ये मालवेअर शिरवून असाच एक खोटा स्विच उभा केला गेला. खऱ्या हिशेबप्रणालीशी त्याचा संबंधच नव्हता. जिथे ‘५१’ यायला हवा होता तिथे ‘००’ जात होता. म्हणूनच खातेदारांच्या शिलकीतून एक रुपयाही वजा झाला नाही. पैसे गेले ते बँकेच्या स्वतःच्या पोटातून, व्हिसा आणि रुपेला देणं म्हणून.

दुपारी ३

बँकेनं पुढे पोलिसांत दिलेल्या फिर्यादीनुसार इथे सुरुवात. पुण्यात जेवून वामकुक्षीची वेळ. दुबईत दीड वाजला होता, मॉस्कोत साडेबारा, जोहान्सबर्गमध्ये साडेअकरा, लंडनमध्ये साडेदहा. टोरांटो आणि न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. अठ्ठावीस देशांत माणसं एटीएमपुढे उभी राहिली आणि प्रत्येक यंत्रानं पुण्याला विचारलं, देऊ का? प्रत्येकाला पुण्याच्या नावानं उत्तर मिळालं, द्या.

परदेशांत व्हिसाच्या कार्डांवर सुमारे १२ हजार वेळा पैसे काढले गेले, ७८ कोटी रुपये. म्हणजे एका खेपेला सरासरी ६५ हजार. देशात रुपे कार्डांवर २,८४९ वेळा, अडीच कोटी.

साधारण त्याच सुमारास. अर्धा तास

मुख्यालयातल्या लोकांना अमेरिकेतून व्हिसाचे संदेश यायला लागले. तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमांच्या मागण्यांचा पूर आला आहे, हे खरं आहे का?

त्यांनी आपली प्रणाली उघडून बघितली. काहीच नाही. नेहमीचा निवांत शनिवार.

दोष देणं आता सोपं आहे. पण त्या खुर्चीत बसून बघा. एका पडद्यावर परक्या देशातल्या कंपनीचा इशारा, दुसऱ्या पडद्यावर स्वतःच्या बँकेचं खातेपुस्तक, आणि खातेपुस्तक सांगतंय की सगळं ठीक आहे. सगळी कार्डं बंद करायची तर देशभर ग्राहक दुकानांत, पेट्रोल पंपांवर अडकणार, सोमवारी आपल्याला जाब द्यावा लागणार. माणूस आपल्याच पुस्तकावर विश्वास ठेवतो. बँकेत त्याला तेच शिकवलेलं असतं.

जवळपास अर्ध्या तासानं त्यांनी खबरदारी म्हणून व्हिसाला सगळे व्यवहार थांबवायला सांगितलं. बीबीसीनं या चोरीमागच्या टोळीवर ‘द लाझारस हाइस्ट’ नावाची मालिका केली, त्यात हा अर्धा तास सांगितलेला आहे. पैसे काढण्याचा सगळा प्रकार दोन तास तेरा मिनिटांत उरकला, असंही त्यात आहे. फिर्यादीत तीन ते दहा असा ऐसपैस काळ लिहिला आहे. बीबीसीचा आकडा धरला तर मिनिटाला सरासरी नव्वद व्यवहार होतात. अर्ध्या तासाचे सत्तावीसशे. सरासरी रकमेनं गुणलं तर साडेसतरा कोटींच्या घरात जातं. हा माझा ढोबळ हिशेब, प्रत्यक्षात लाट वरखाली झाली असणार. तरी अर्ध्या तासाची किंमत कळते.

त्या अर्ध्या तासात त्यांना हवा होता एकच फोन. ‘तुमच्या पडद्यावर काही दिसणार नाही, हीच या चोरीची खूण आहे, आमच्याकडे असंच झालं होतं’ असं सांगणारा. तो अनुभव जगात कोणाकडे होता? ज्या आफ्रिकी आणि आशियाई बँका आधी लुटल्या गेल्या त्यांच्याकडे. पुण्याहून त्यांना लावायचा नंबर कोणाकडे नव्हता. त्यांच्याकडेही पुण्याचा नव्हता.

सायबर क्षमतावृद्धी हा शब्द आपण परिषदांच्या फलकांवर वाचतो आणि पुढे जातो. त्यात लॅपटॉप वाटप येतं, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं येतात, मान्यवरांसोबतचे फोटो येतात. हा अर्धा तास दहा मिनिटांवर आणणं, याखेरीज त्याला दुसरा अर्थ असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळ. कोल्हापूर

तिकडे कोल्हापुरातल्या एटीएममध्ये काही माणसं कार्डांच्या चळती घेऊन फिरत होती. ९५ बनावट कार्डं. त्यांवर ८९ लाखांहून अधिक रुपये निघाले. एका कार्डामागे जवळपास ९४ हजार.

सीसीटीव्हीत ही माणसं शांतपणे दिसतात. कार्ड घालायचं, नोटा घ्यायच्या, दुसरं कार्ड. राज्यातल्या काहींना चित्रपटात एक्स्ट्राचं काम म्हणून आणलं होतं, भूमिका अशी की एटीएममधून पैसे काढायचे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला यात खटकण्यासारखं काय होतं? पुढे जे पकडले गेले त्यांच्यात कोणी वेटर होता, कोणी ड्रायव्हर, कोणी चपला शिवणारा. ज्यांनी खोटा स्विच उभा केला त्यांचा या माणसांशी सात समुद्रांचं अंतर. पण फुटेज मात्र यांचंच.

रात्री १०

फिर्यादीतली शेवटची वेळ. एटीएमवाटे गेलेले साडेऐंशी कोटी.

१२ ऑगस्ट, रविवार

व्हिसानं संशयास्पद व्यवहारांची पूर्ण यादी पुण्याला दिली. बारा हजार ओळी. एफबीआयचा शुक्रवारचा इशारा आज जगजाहीर झाला.

१३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११:३०

पहिला श्रावण सोमवार. बँक उघडलेली, माणसं कामावर, शनिवारचा प्रकार माहीत झालेला.

आणि साडेअकराला कॉसमॉसच्या स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवण्याच्या प्रणालीतून तीन आदेश निघाले. १३ कोटी ९२ लाख रुपये, हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेत, एएलएम ट्रेडिंग लिमिटेड नावाच्या कंपनीच्या खात्यात. बँकेतल्या कोणीही ते दिलेले नव्हते.

शनिवारची चोरी मी समजू शकतो. सोमवारची समजत नाही. घरात चोर शिरल्याचं कळून दीड दिवस झाला होता. एटीएमची वाट बंद केली, पण परदेशी पैसे पाठवण्याची वाट उघडीच. याच वर्षी फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेवर स्विफ्टमधूनच हल्ला झालेला होता. म्हणजे यावेळी आफ्रिकेकडे बघण्याचीही गरज नव्हती, कावेरीकाठी बघितलं असतं तरी पुरे होतं. सगळं बंद ठेवून आधी घर झाडायला हवं होतं. हे जिथे लिहून ठेवलेलं असतं आणि ज्याचा सराव झालेला असतो, तिथे ते होतं. नाहीतर माणसं एक दार बंद करतात आणि चहा मागवतात.

एकूण बेरीज ९४ कोटी ४२ लाख.

१४ ऑगस्ट, मंगळवार

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. अध्यक्ष मिलिंद काळे यांनी पत्रकारांना सांगितलं की ग्राहकांच्या ठेवी सुरक्षित आहेत, हल्ला बँकेच्या स्विचवर झाला. एटीएम, नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग काही दिवस बंद राहिलं. रांगा लागतील ही भीती होती, पण बँक टिकली. शंभर वर्षांच्या पतीचा एवढा उपयोग झाला.

२ ऑक्टोबर २०१८. बावन्न दिवसांनंतर

आता अमेरिकी सरकारचा सविस्तर जाहीर इशारा आला. मोहिमेला नाव दिलं होतं ‘फास्टकॅश’. सगळं त्यात होतं. हल्ला स्विचच्या सर्व्हरवर होतो, तो सर्व्हर बहुधा जुन्या, कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या प्रणालीवर चालत असतो. मधला संदेश अडवून खोटं होकारार्थी उत्तर पाठवलं जातं. वापरलेली खाती रिकामी किंवा जवळपास रिकामी असतात. लक्ष्य आफ्रिका आणि आशियातल्या बँका, २०१६ पासून. कर्ता उत्तर कोरिया.

शनिवारी दुपारी पुण्यातल्या माणसाला हे एक पान हाती असतं तर अर्धा तास लागला नसता. ते आलं गांधी जयंतीला, सुट्टीच्याच दिवशी.

रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली ती १९ ऑक्टोबरला. बैल गेल्यावर झोपा केला हे खरं. पण केला, आणि पुढच्याच वर्षी तो वाढवला, हेही नोंदवायला हवं.

२०१९. न्यूयॉर्क

उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर नजर ठेवायला संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञांचं एक मंडळ होतं. मार्चमधल्या अहवालात त्यांनी कॉसमॉसचं नाव घेतलं. हल्ला इतका नियोजनबद्ध होता की इंटरपोलच्या मार्गदर्शिकेतले संरक्षणाचे तिन्ही मुख्य थर त्यानं ओलांडले, असं त्यांचं मत.

वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी एक यादी दिली. पस्तीस घटना, सतरा देश. भारतात तीन. बांगलादेशात दोन, दक्षिण कोरियात दहा. आणि आफ्रिकेतले पाच देश: गांबिया, लायबेरिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ट्युनिशिया. गांबियाची लोकसंख्या पुणे शहरापेक्षा कमी. तरी चोरांच्या नकाशावर दोघं शेजारी. आपल्या मुत्सद्द्यांच्या नकाशावर ती कधी शेजारी आली, असं माझ्या तरी वाचनात नाही.

२०२० ते २०२३

पैसा धुणारी साखळी हळूहळू उघडी पडली, आणि तिच्यात आफ्रिका पुन्हा आली, यावेळी दुसऱ्या बाजूनं. कॅनडाच्या गालिब अलाउमरीनं अमेरिकेत गुन्हा कबूल केला. एका भारतीय बँकेच्या एटीएममधून काढलेला पैसा फिरवण्यात त्याचा हात होता. २०२१मध्ये त्याला जवळपास बारा वर्षांची शिक्षा झाली. माल्टातल्या एका बँकेवरच्या दरोड्यात त्याचा जोडीदार होता रेमन अब्बास, नायजेरियाचा, इन्स्टाग्रामवर ‘हशपपी’ नावानं महागड्या मोटारींचे फोटो टाकणारा. जून २०२०मध्ये तो दुबईत पकडला गेला. एक उत्तर कोरियन टोळी, एक कॅनेडियन मुकादम, एक नायजेरियन इन्फ्लुएन्सर, कोल्हापुरातले रोजंदार. यांच्यात सीमेचा अडसर कुठे आला नाही, व्हिसा लागला तो फक्त कार्डाचा.

पुणे पोलिसांनी हाँगकाँगशी पत्रव्यवहार लावून धरला आणि तिथे गोठवलेल्या रकमेतले ५ कोटी ७२ लाख परत आणले. एटीएमवाटे गेलेल्या रोख पैशाला असं गोठवता येत नाही. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं, शिक्षा तीन ते चार वर्षांच्या. सगळे या साखळीच्या खालच्या टोकाचे.

२०२४

या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशीच्या संपर्क अधिकाऱ्यांची नोंदवही सुरू केली. संकटात कोणत्या देशात कोणाला फोन लावायचा याची यादी, बस. एवढ्या साध्या गोष्टीला वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी लागल्या, आणि तरी मला ती या दशकातली सर्वांत कामाची सायबर मुत्सद्देगिरी वाटते. त्याच महिन्यात युपीआय चालवणाऱ्या आपल्या एनपीसीआयनं बँक ऑफ नामिबियाशी युपीआयच्या धर्तीवर प्रणाली उभारण्याचा करार जाहीर केला. मॉरिशसमध्ये युपीआय फेब्रुवारीतच पोचलं होतं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. फक्त देयकाची वाट बांधून देताना ती वाट आपल्याकडे कुठे आणि कशी कापली गेली, हेही नामिबियाला सांगितलं जावं. कॉसमॉसचा अनुभव लपवण्यासारखा नाही, निर्यात करण्यासारखा आहे. त्या अर्ध्या तासासकट.

आफ्रिकेनंही स्वतःचे हात मजबूत केले. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकोणीस आफ्रिकी देशांच्या पोलिसांनी इंटरपोल आणि आफ्रिपोलबरोबर ‘सेरेनगेटी’ मोहीम राबवली आणि १,००६ जणांना अटक केली. जिथे २०१४चा करार मंजुऱ्यांसाठी ताटकळत होता तिथे एकोणीस पोलीस दलं एकाच वेळी एकाच यादीवर काम करतात, हे लहान नाही.

तिसरी गोष्ट उलट्या दिशेची. २८ मार्चला रशियानं सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला आणि सतरा देशांची यादी करणारं ते तज्ज्ञमंडळ एप्रिलअखेर बंद पडलं. त्याच्या जागी ऑक्टोबरात अकरा देशांनी स्वतःचा गट उभा केला. अमेरिका, दक्षिण कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स. लुटल्या गेलेल्या सतरा देशांशी ही नावं ताडून बघितली तर दोन्हीकडे असणारा देश एकच निघतो, दक्षिण कोरिया. गांबिया नाही, नायजेरिया नाही, बांगलादेश नाही. भारतही नाही.

फेब्रुवारी २०२५. चंद्रपूर

चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ग्राहकांनी पाठवलेले तीन कोटींहून अधिक रुपये ज्यांना जायचे त्यांच्याकडे न जाता भलत्याच खात्यांत वळते झाले. यात उत्तर कोरियाचं नाव कुठे आलेलं नाही आणि रक्कमही पुण्याच्या मानानं किरकोळ. पण पासबुकाला हात न लावता पैसा मधल्या वाटेवर वळवायचा, ही रीत ओळखीची आहे.

मूल शाखेत या दिवसांत धानाच्या चुकाऱ्यांची गर्दी असते. आपले पैसे संगणकानं वळवले म्हणजे नेमकं काय झालं, हे काउंटरवरचा माणूस विचारतो. फसवणूक झाली तर त्याला लावायला १९३० हा नंबर आहे, मोबाइलची रिंग वाजण्याआधी तो तेव्हा कित्येकदा ऐकवला जायचा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, जसे हाँगकाँगला अडले. काउंटरच्या आतल्या माणसाला मात्र दुसऱ्या शनिवारी कोणता नंबर लावायचा, ते अजून तरी कुठल्या कॉलर ट्यूनमध्ये ऐकू आलेलं नाही.